युरोपची सहल आखताना: सुट्टी नऊ दिवसांची, पण हातात दिवस किती?

समजा, नाशिकचं एक चौघांचं कुटुंब आहे. आईबाबा दोघेही नोकरी करणारे, दोन मुलं शाळेत. कितीतरी वर्षं पैसे साठवून त्यांनी यंदा युरोपला जायचं ठरवलंय. ऑफिसातून पाच दिवसांची रजा मिळतेय. आधीचा आणि नंतरचा शनिवार-रविवार धरला की नऊ दिवस होतात. घरात यादी तयार होते: पॅरिस, ॲमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, व्हेनिस आणि रोम. "एवढं लांब जातोच आहोत, तर सगळंच पाहून घेऊ," असं कोणीतरी म्हणतं आणि सगळ्यांना ते पटतं.

कागदावर ही सहल बसते. प्रत्यक्षात मात्र या कुटुंबाला मनासारखं फिरायला फक्त दोन पूर्ण दिवस मिळतात. बाकीचे दिवस विमानतळ, रेल्वे स्टेशन आणि हॉटेलच्या रिसेप्शनवर जातात.

हे कसं होतं आणि मिळालेल्या रजेत नीट बसेल अशी सहल कशी आखायची, ते युरोपच्याच उदाहरणावरून पाहू. हिशोबाची पद्धत मात्र कोणत्याही देशाला लागू पडते.

कॅलेंडरवरचे दिवस आणि हातातले दिवस

सगळ्यात आधी प्रवासाचे दिवस वजा करावे लागतात. मुंबईहून पॅरिस, फ्रँकफर्ट किंवा झुरिचला थेट विमानाने साधारण नऊ ते दहा तास लागतात. आखाती देशांत विमान बदलून गेलं, तर थांबा धरून १२ ते १६ तास सहज जातात.

मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. इथे एक नेहमीची चूक होते. तिकिटावर 'शनिवार, पहाटे २' असं लिहिलेलं असेल, तर विमानतळावर शुक्रवारी रात्रीच पोहोचायचं असतं. म्हणजे शुक्रवारी ऑफिसातून लवकर निघावं लागतं. नाशिक किंवा पुण्याहून निघणाऱ्यांनी रस्त्यातले चार-पाच तास धरायला हवेत. नागपूर, कोल्हापूर, लातूरसारख्या ठिकाणांहून येणाऱ्यांचा तर बहुतेक वेळा एक अख्खा दिवस मुंबई गाठण्यातच जातो.

शनिवारी सकाळी पॅरिसला उतरलं, तरी पासपोर्ट तपासणी, सामान आणि शहरात पोहोचणं यांत तीन तास जातात. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या सीमेवर पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी संगणकीय नोंदणीची नवी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांची ही नोंदणी व्हायची असते, तोही वेळ धरावा. हॉटेलची खोली बहुधा दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. त्यामुळे पोहोचण्याचा दिवस हा अर्धाच दिवस समजावा. त्या दिवशी वेळ ठरलेलं कोणतंही महागडं तिकीट काढू नये, कारण विमान उशिरा आलं तर ते वाया जातं.

परतीचंही तसंच. युरोपची घड्याळं उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतात. जाताना हे सोयीचं पडतं, कारण पहाटे चारलाच जाग येते आणि सकाळी लवकर बाहेर पडता येतं. परत आल्यावर मात्र रात्री झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. रविवारी रात्री उतरून सोमवारी ऑफिस गाठण्यापेक्षा रविवार घरी मोकळा ठेवलेला बरा.

म्हणजे नाशिकच्या कुटुंबाला शनिवारी पोहोचून पुढच्या शनिवारी निघायचं असेल, तर तिथे सात रात्री मिळतात. नऊ दिवसांच्या सुट्टीत खरी शिल्लक एवढीच.

आधी रात्री मोजा, शहरं नंतर

सहल आखताना दिवसांपेक्षा रात्री मोजणं सोपं जातं. त्यासाठी एक साधं गणित आहे: एकूण रात्रींतून मुक्कामांची संख्या वजा करा. जे उरेल, तेवढेच पूर्ण दिवस फिरायला मिळतात.

सात रात्री एकाच शहरात राहिलं, तर मधले सहा दिवस पूर्ण मिळतात. पण मुक्काम बदलला की एक दिवस कमी होतो. सकाळी बॅगा भरायच्या, दहा-अकराला खोली सोडायची, स्टेशन गाठायचं, चार तास गाडीत बसायचं, नव्या शहरात हॉटेल शोधायचं. संध्याकाळी जेमतेम एक फेरफटका होतो.

आता पाच ठिकाणांची यादी या गणितात घालून पाहा. सात रात्री वजा पाच मुक्काम, म्हणजे उरले दोन दिवस. रेल्वेचा वेळही मोजू. पॅरिस ते ॲमस्टरडॅम साधारण तीन तास वीस मिनिटं, ॲमस्टरडॅम ते स्वित्झर्लंड आठ तासांच्या आसपास, तिथून व्हेनिस सहा तासांहून जास्त आणि व्हेनिस ते रोम चार तास. हे झाले एकवीस-बावीस तास फक्त गाडीत बसण्याचे.

यात पैशांचाही प्रश्न आहे. समजा, चौघांच्या या सहलीला आठ लाख रुपये लागणार आहेत. पूर्ण दिवस दोनच मिळाले, तर एकेक दिवस चार लाखांना पडला. तेवढ्याच पैशांत दोनच ठिकाणी राहिलं आणि पाच दिवस मिळाले, तर दिवसाला एक लाख साठ हजार. वीस हजार वाचवण्यासाठी दहा तासांच्या थांब्याचं विमान घेताना हाच हिशोब करावा. वाचलेले पैसे गेलेल्या अर्ध्या दिवसाच्या किमतीपेक्षा जास्त आहेत का?

नऊ दिवसांची सुट्टी: दोनच मुक्काम

सात रात्रींत दोन मुक्काम आरामात बसतात. उदाहरणार्थ, पॅरिसला चार रात्री आणि स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला तीन.

शनिवारी पॅरिसला पोहोचायचं. रविवार, सोमवार, मंगळवार शहर आणि आसपासची ठिकाणं पाहायची. बुधवारी सकाळी हायस्पीड रेल्वेने सुमारे चार तासांत झुरिच आणि तिथून पाऊण-एक तासात ल्युसर्न. गुरुवार आणि शुक्रवार डोंगर आणि तलावासाठी. शनिवारी झुरिचहून परतीचं विमान. ल्युसर्नहून झुरिच विमानतळाला थेट रेल्वेने एक-सव्वा तास लागतो.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे जाण्याचं तिकीट पॅरिसचं आणि येण्याचं झुरिचचं. असं तिकीट काढताना संकेतस्थळावर 'राउंड ट्रिप'ऐवजी 'मल्टी सिटी' हा पर्याय निवडावा लागतो. अनेकदा ते थोडंसंच महाग पडतं, पण परत पॅरिस गाठण्यातला एक दिवस आणि रेल्वेचं भाडं वाचतं.

मुक्कामाचं गाव निवडतानाही नकाशा पाहायला हवा. टिटलिसला जायचं असेल तर ल्युसर्न सोयीचं आहे. डोंगराच्या पायथ्याचं एंगेलबर्ग तिथून रेल्वेने पाऊण तासावर आहे. पिलाटस आणि रिगी तर जवळच आहेत. पण ३,४५४ मीटर उंचीवरचं युंगफ्राउयोखचं रेल्वे स्टेशन पाहायचंच असेल, तर मुक्काम इंटरलाकेनला करावा. ल्युसर्नहून युंगफ्राउयोख एका दिवसात होतं, पण जाण्यायेण्यातच सात-आठ तास जातात.

सोळा दिवस असतील तर

दहा दिवसांची रजा मिळाली, तर दोन आठवडे आणि तीन शनिवार-रविवार मिळून सोळा दिवस होतात. तिथे चौदा रात्री मिळतात. आता इटली जोडता येते: पॅरिस चार, ल्युसर्न तीन, व्हेनिस दोन, फ्लॉरेन्स दोन आणि रोम तीन रात्री. चौदा वजा पाच, म्हणजे नऊ पूर्ण दिवस.

व्हेनिस ते फ्लॉरेन्स सव्वादोन तास आणि फ्लॉरेन्स ते रोम दीड तास, त्यामुळे इटलीतले बदल जड जात नाहीत. ल्युसर्न ते व्हेनिस हा दिवस मात्र मोठा आहे. मिलानला गाडी बदलावी लागते आणि सहा तासांहून जास्त वेळ जातो. तो दिवस पूर्णपणे प्रवासाचाच धरावा. एवढा प्रवास नको असेल तर व्हेनिस वगळून फ्लॉरेन्सला तीन आणि रोमला चार रात्री ठेवाव्यात. मुक्काम चार झाल्याने एक पूर्ण दिवस वाढतो.

चार-पाच दिवसच असतील तर?

जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या चार-पाच दिवसांत युरोप करू नये. खर्च जवळपास तेवढाच होतो आणि हाती तीन रात्री लागतात. मुंबईहून कोलंबोला अडीच तास, दुबईला तीन, बँकॉकला साडेचार आणि सिंगापूरला साडेपाच तास लागतात. एवढ्या सुट्टीत यांतलं एखादं ठिकाण एकाच मुक्कामात नीट पाहून होतं. युरोपची रजा पुढच्या वर्षासाठी साठवता येते.

कोणत्या वारी काय बंद असतं?

दिवस कमी असले की वार महत्त्वाचे ठरतात. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं. ऑर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद असतात. म्हणून वरच्या आराखड्यात सोमवारी लूव्र आणि मंगळवारी व्हर्साय असा क्रम लावला, तर काहीच चुकत नाही. उलटा लावला, तर दोन्ही दरवाजे बंद मिळतात.

फ्लॉरेन्सचं उफिझी कलादालन सोमवारी बंद असतं. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला, तर रविवारी बंद असतात. सोळा दिवसांच्या आराखड्यात उफिझी मंगळवारी आणि व्हॅटिकन गुरुवारी किंवा शुक्रवारी येतं, त्यामुळे अडचण येत नाही. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारीच बिस्किटं, दूध, फळं घेऊन ठेवावीत.

काही ठिकाणी ऐनवेळी तिकीट मिळण्याचा भरवसा नसतो. आयफेल टॉवरची लिफ्टची तिकिटं साधारण ६० दिवस आधी ऑनलाइन खुली होतात. रोमच्या कलोसियमची ३० दिवस आधी खुली होतात आणि त्यांवर नाव असतं, त्यामुळे ओळखपत्र जवळ लागतं. ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक हाउसची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची विक्री सुरू होते. व्हेनिसला दिवसभरासाठी येणाऱ्यांना वर्षातल्या ठरावीक दिवशी प्रवेश शुल्क द्यावं लागतं. तिथे रात्री राहणाऱ्यांना ते माफ असलं, तरी त्या दिवसांसाठी ऑनलाइन नोंदणी करावी लागते.

डोंगरांचं गणित वेगळं आहे. टिटलिस किंवा युंगफ्राउवर ढग असले, तर महागडं तिकीट काढूनही पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही. शिखरांवरच्या कॅमेऱ्यांचं थेट चित्र इंटरनेटवर दिसतं. सकाळी ते पाहावं आणि मगच निघावं. दोन दिवसांपैकी कोणता दिवस डोंगराचा, हे आधी पक्कं न करणंच शहाणपणाचं.

व्हिसा कोणत्या देशाचा, हे आराखडाच ठरवतो

शेंगेन व्यवस्थेत आज २९ देश आहेत. एकाच व्हिसावर त्या सगळ्यांत फिरता येतं. अर्ज मात्र मनाला येईल त्या देशाकडे करता येत नाही. सहलीतलं मुख्य ठिकाण ज्या देशात, म्हणजे साधारणपणे जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. दिवस समसमान असतील, तर ज्या देशातून शेंगेनमध्ये पहिल्यांदा शिरणार, त्या देशाकडे.

वरच्या दोन उदाहरणांत याचा फरक दिसतो. नऊ दिवसांच्या सहलीत फ्रान्सच्या चार रात्री जास्त आहेत, म्हणून अर्ज फ्रान्सकडे. सोळा दिवसांच्या सहलीत इटलीच्या सात रात्री होतात, म्हणून अर्ज इटलीकडे, जरी विमान पॅरिसला उतरत असलं तरी. एका देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिथला खोटा आराखडा दाखवणं महागात पडू शकतं. अर्ज नाकारला जाऊ शकतो आणि सीमेवर प्रश्नही विचारले जाऊ शकतात.

लंडन याच सहलीत जोडायचं असेल, तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं, तरी शेंगेनमध्ये आहे. चलन मात्र तिथे स्विस फ्रँक आहे.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाला नेहमी १५ दिवस लागतात, पण काही प्रकरणांत ४५ दिवसही लागू शकतात. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आणि त्याहून लहान मुलांसाठी शुल्क नाही. अर्ज केंद्राचं सेवा शुल्क वेगळं. निदान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो आणि तो मुक्कामाचे सगळे दिवस झाकणारा हवा.

उन्हाळी सुट्टीच्या आधी अपॉइंटमेंटसाठी गर्दी असते. मे महिन्यात जायचं असेल, तर डिसेंबरपर्यंत तारखा आणि मुक्काम ठरलेले बरे. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्यावीत.

मे की दिवाळी?

मुलांच्या शाळेमुळे बहुतेक घरांना हे दोनच पर्याय उरतात. मे महिन्यात पॅरिसला रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो. त्यामुळे त्याच दिवसात जास्त पाहून होतं. पण १ मे रोजी आपल्याकडे महाराष्ट्र दिन, तसा तिकडे कामगार दिन असतो आणि लूव्रही बंद असतं. स्वित्झर्लंडच्या उंच भागातल्या पायवाटांवर तेव्हा बर्फ असतो.

दिवाळीच्या सुट्टीत गर्दी कमी असते. मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपची घड्याळं एक तास मागे जातात आणि त्यानंतर पाच-साडेपाचलाच अंधार पडतो. बाहेर फिरायला दिवसाचे तीन-चार तास कमी मिळतात. काही डोंगरांवरचे रोपवे नोव्हेंबरमध्ये देखभालीसाठी बंद असतात. दिवाळीत जायचं असेल, तर संग्रहालयं आणि शहरं जास्त ठेवावीत, डोंगर कमी.

बरोबर कोण आहे?

दोन तरुणांचा आणि आजी-आजोबांसह निघालेल्या कुटुंबाचा आराखडा एकच असू शकत नाही. पॅरिसच्या जुन्या मेट्रो स्टेशनांपैकी मोजक्याच ठिकाणी लिफ्ट आहे. व्हेनिसमध्ये बॅगा उचलून पुलांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. साडेतीन हजार मीटरच्या उंचीवर काहींना चक्कर येते, धाप लागते. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

ज्येष्ठ किंवा लहान मुलं बरोबर असतील, तर दिवसाला एकच मोठं ठिकाण ठेवावं आणि हॉटेल स्टेशनच्या जवळ घ्यावं. जेवणाच्या वेळाही पाहाव्यात. फ्रान्स आणि इटलीत बरीच रेस्तराँ दुपारी अडीच-तीनला स्वयंपाकघर बंद करतात आणि संध्याकाळी सातनंतरच उघडतात. चार वाजता भुकेल्या मुलांना घेऊन फिरण्यापेक्षा पिशवीत ठेपले असलेले चांगले.

टूर कंपनीचं वेळापत्रक कसं वाचायचं?

सगळ्यांनाच स्वतः आखणी करायची नसते. भाषा, जेवण आणि वयस्कर मंडळी यांमुळे ग्रुप टूर अनेकांना सोयीची वाटते. तिथेही हेच गणित लावावं. जाहिरातीतले '१० दिवस' विमानातल्या रात्रीसकट आहेत का? एकूण हॉटेलं किती? दोन शहरांमध्ये बसने किती तास? ठिकाण आतून पाहायचं आहे, की बसमधून दाखवणार किंवा बाहेर उभं राहून फोटो काढायचा आहे? तिकीट किमतीत धरलंय का? शहराच्या नावाने दिलेलं हॉटेल प्रत्यक्षात शहरापासून किती दूर आहे? या सहा प्रश्नांची उत्तरं लेखी घेतली, तर सारख्या दिसणाऱ्या दोन टूरमधला फरक लगेच कळतो.

शेवटी यादीचं काय करायचं?

पाच ठिकाणांची यादी फाडून टाकायची गरज नाही. घरातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: कोणती एक गोष्ट पाहिली नाही तर परत आल्यावर चुटपुट लागेल? मुलीला आयफेल टॉवर, मुलाला बर्फ, आईला चित्रं, बाबांना रेल्वेचा प्रवास हवा असेल, तर या चारही गोष्टी पॅरिस आणि ल्युसर्नच्या सात रात्रींत बसतात. आधी या गोष्टी वारांनुसार मांडाव्यात, मग विमान, मग व्हिसा, मग वेळेची तिकिटं आणि शेवटी रेल्वे. आणि एक संध्याकाळ काहीच न ठरवता रिकामी ठेवावी. पाऊस, संप, थकवा किंवा एखादं आवडलेलं तळं, यांतलं काही ना काही ती भरून काढतंच.

ॲमस्टरडॅम आणि रोम कुठे जात नाहीत. दोन व्हिसा तीन वर्षांच्या आत मिळवून नियमाप्रमाणे वापरलेल्या भारतीयांना दोन वर्षांचा, अनेकदा प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा मिळू शकतो, अशी सोय एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने केली आहे. पहिली सहल नीट झाली, तर उरलेली यादी पुढच्या रजेसाठी तयारच असते.